स्टॅनर लेनमधली तेरा घरटी

मेलबर्न, ५ ऑगस्ट १९६३

स्टॅनर लेनच्या दोन्ही बाजूंना राहणाऱ्या शेजाऱ्यांनो,

आपल्या लेनचं काय करायचं ते ठरलं आहे. आपल्याला विचारून नव्हे. हॉलच्या दारावर एक कागद चिकटवला, तोही सगळं ठरल्यावर, आणि त्यालाच म्हणायचं लोकांचं मत घेतलं. गव्हाच्या ट्रकांना रस्ता अरुंद पडतो, म्हणून लेनच्या पूर्वेकडची जुनी निलगिरी कापणीच्या आत तोडायची. कूपरांच्या फाटकापासून ओढ्यापर्यंत, एकही न सोडता.

ही झाडं आपल्या आजोबांनी लावलेली नाहीत. आपल्या आजोबांनी बाकीचं सगळं रान साफ केलं आणि ही एक रांग तेवढी ठेवली, बहुतेक दमले म्हणून. आज डावीकडे गहू, उजवीकडे मेंढ्या, आणि मधे ही हिरवी दोरी. तिच्यावर जे जगतं त्याला दुसरीकडे पाय ठेवायला जागा नाही. मी सातभाईंबद्दल बोलते आहे. पांढऱ्या भुवईचे, वाकड्या चोचीचे, पडलेल्या ओंडक्यांवरून उड्या मारत पालापाचोळा उचकणारे, आणि एक ओरडला की सगळे ओरडणारे. डल्सी त्यांना आपल्या दुकानात बसून ‘सुखी कुटुंब’ म्हणते. तिच्या दुकानात येणाऱ्या कुठल्याही कुटुंबापेक्षा ते सुखी आहे, असंही म्हणते.

त्यांना कौन्सिलच्या सभेत बोलता येत नाही. आपल्याला येतं. सहा सप्टेंबरला सभा आहे आणि माझं मोडलेलं खुब्याचं हाड मला इथून हलू देत नाही. तुम्हाला दोन-दोन धड पाय आहेत. जा.

व्हर्ना टिलब्रुक

ऑसी, हे दुकानात आणि हॉलवर लाव. आणि एक काम कर. लेनमध्ये त्यांची घरटी किती आहेत ती मोजून कळव. मला आकडा हवा आहे. त्या सभेत आकड्याशिवाय काही ऐकलं जात नाही, हे मी वीस वर्षं स्टेशनांवरच्या उपाहारगृहातल्या बायकांची बाजू मांडताना शिकले आहे.


ब्रॅमवेल, १४ ऑगस्ट

व्हर्ना,

पत्र लावलं. डल्सीने ते लोण्याच्या कपाटाच्या दारावर डकवलंय, त्यामुळे ब्रॅमवेलमध्ये सध्या तुझं भाषण वाचल्याशिवाय कुणाच्या पावाला लोणी लागत नाही. फोन केला असता, पण आपली लाइन सहा घरांत मिळून एक. मी ‘हॅलो’ म्हटलं की पाच जणी श्वास रोखतात.

यूना कूपर दुकानात आली होती. तिने पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाली, “ऑसी, तुझ्या बहिणीला सांग, लेन रुंद असती तर आज माझा हात वर गेला असता. सभेत नाही तर निदान केस विंचरायला तरी.” तुला माहीतच आहे, पण तिथे मेलबर्नला ते विसरायला होत असेल म्हणून लिहितो. गेल्या कापणीत समोरून ट्रक आला, बाजूला घ्यायला जागा नव्हती, तिची गाडी थेट झाडावर गेली. उजवा हात खांद्याच्या वर अजून जात नाही. नवरा गेल्यापासून ती एकटीच आहे. तो असता तर त्याने विंचरले असते, किंवा नसतेही.

घरटी मोजली. कूपरांच्या फाटकापासून ओढ्याच्या पुलापर्यंत चालत गेलो आणि मान दुखेपर्यंत वर बघितलं. तेरा आहेत. काटक्यांचे मोठाले गोळे, फुटबॉलच्या दुप्पट, वर छप्पर आणि बाजूला दार. पूर्वेकडच्या झाडांतच सगळी. पश्चिमेला यूनाच्या कुंपणाशी झाडच नाही. पक्षी सारखे मधे मधे करत होते. एक ‘या’ म्हणतो, दुसरा ‘हू’ म्हणतो, आणि बाकीचे जणू मीच त्यांच्या घरावर जप्ती आणल्यासारखा कल्ला करतात.

तुझ्या कोंबड्या ठीक आहेत. तांबडी खुडूक बसलीय.

ऑसी


मेलबर्न, २१ ऑगस्ट

ऑसी,

तेरा. मला वाटलं होतं चार-पाच असतील. तुझा कागद हातात घेऊन मी उभी राहिले, आणि ग्वेंडा ओरडली की आई, डॉक्टरांनी उभं राहायला सांगितलं नाही.

आता हिशेब बघ. सातभाईंचा थवा मी सकाळी फाटकाशी कितीदा तरी पाहिला आहे, आणि आठांपेक्षा कमी कधी दिसले नाहीत. प्रत्येक घरट्याचं एक कुटुंब धर. तेरा आठे एकशे चार. जिल्ह्याच्या पेपराला मी पत्र लिहिलं आहे, येत्या शुक्रवारी छापून येईल: स्टॅनर लेनमध्ये सातभाईंची तेरा कुटुंबं, शंभरावर जीव, आणि कौन्सिल त्यांना एका ठरावाने बेघर करणार. शंभर. हा आकडा ऐकून माणूस खुर्चीत जरा सरळ बसतो. मी रात्रभर ते वाक्य घोळवत होते.

सभेत ते तूच वाचून दाखव. तुला बोलायचं नाही, नुसतं वाचायचं आहे. ‘बेघर’ या शब्दानंतर थांब. लोकांना थोडं सहन करू दे.

यूनाला सांग, तिच्या हाताचं मला फार वाईट वाटतं. पण तिचा हात झाडाने मोडला नाही, ट्रकने मोडला. झाड तिथे तिच्या आजीच्या आधीपासून उभं होतं.

व्हर्ना


ब्रॅमवेल, ९ सप्टेंबर

व्हर्ना,

वाचलं. ‘बेघर’नंतर थांबलो. त्या वेळी मागे कुणीतरी शिंकलं, त्यात माझा काही दोष नाही.

मग नवा इंजिनियर उठला. स्पेट नावाचा आहे, तरुण, बोलायला गोड, शर्टाच्या बाह्या नीट दुमडलेल्या. तो म्हणाला, “श्रीमती टिलब्रुक यांचे मी मनापासून आभार मानतो. मला खरोखर काळजी होती. मला वाटलं होतं, हा पक्षी इथे विरळ असेल, एखादं-दुसरं कुटुंब उरलं असेल, आणि तसं असतं तर मीच या कामाला दोन महिने थांबा म्हटलं असतं. पण शंभरावर पक्षी आहेत म्हणजे आनंदच आहे. शंभर पक्षी ओढ्याच्या रानात सहज आपली सोय लावतील.” त्याने पेपरातलं तुझं पत्र कापून फाइलला लावलंय. लाल पेन्सिलीने ‘शंभर’खाली रेघ मारलीय.

अध्यक्ष म्हणाले, मग प्रश्नच मिटला. सगळे खूश झाले. तुझं नाव आभाराच्या ठरावात आहे. झाडं जाणार, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून.

नंतर चहा होता. लॅमिंग्टन केक नेहमीसारखे कोरडे. मी लवकर निघालो. आता मेंढ्यांची कातरणी सुरू होतेय, पत्राला उशीर होईल.

ऑसी


मेलबर्न, १५ सप्टेंबर

ऑसी,

तू सगळं लिहिलंस. कोण शिंकलं ते लिहिलंस, केक कसे होते ते लिहिलंस. हात किती वर झाले ते लिहिलं नाहीस.

हजर असलेल्यांचं मत घेतात, मला तिथली रीत माहीत आहे. मी त्याच हॉलमध्ये पंचवीस वर्षं उभी राहिले आहे. मग मतं कशी पडली? विरोधात किती जण होते? तुझ्या आजूबाजूला कोण बसलं होतं?

आणि त्या पोराला माझ्याच आकड्याने माझा गळा कापताना तू बघत बसलास? उठून एक वाक्य बोलता आलं नाही? शंभर आहेत म्हणून कत्तल चालते असं कुठल्या पुस्तकात लिहिलं आहे? मी बरीच पुस्तकं वाचली आहेत. दुष्टपणासाठी कारणं शोधणारी माणसं त्यांत भरपूर भेटली, पण आनंदाने आभार मानत झाड तोडणारा पहिलाच.

लवकर लिही. कातरणी मला सांगू नकोस. मेंढ्या तू नाही कातरत, तू नुसता फाटकाशी उभा राहून शिव्या देतोस.

व्हर्ना


ब्रॅमवेल, २ ऑक्टोबर

व्हर्ना,

दोन गोष्टी लिहायच्या आहेत. दोन्ही तुला आवडणार नाहीत. आधी दुसऱ्याची सांगतो, मग माझी.

परवा यूनाकडे मेंढीचं मटण द्यायला गेलो. एका हाताने तिला ते कापता येत नाही, म्हणून कापूनच नेलं. ती व्हरांड्यात खुर्चीत बसली होती, संध्याकाळ व्हायला आली होती. मी म्हटलं, “काय बघतेस?” ती म्हणाली, “तुझी शंभर पाखरं झोपायला जातायत ती.”

मी बघितलं. लेनच्या झाडांतून ते आले, एकामागून एक, पार फाटकाशेजारच्या फांदीपर्यंत. एकमेकांची पिसं साफ केली, थोडी मारामारी केली, आणि मग एका गोळ्यात शिरले. एक, दोन, तीन करत आठही. सगळे एकाच घरट्यात. शेवटच्याला जागा नव्हती, त्याने बाकीच्यांना ढुशा देऊन जागा केली. मग लेन गप्प झाली.

मी विचारलं, “बाकीचे कुठे झोपतात?”

“कुठले बाकीचे?”

“बाकीच्या बारा घरट्यांतले.”

यूना हसायला लागली. तिचा हात दुखला तरी हसत राहिली. “अरे ऑसी,” म्हणाली, “तुझ्याकडे चार शेड आहेत. म्हणून काय तू चार माणसं झालास? ते सारखे बांधत असतात रे. एक झोपायला, एक अंडी घालायला, एक पाऊस आला तर, आणि बाकीची नुसती हौस म्हणून. गेल्या हिवाळ्यापासून मी इथे बसून आहे. या लेनमध्ये एकच कुटुंब आहे. अंडी एकच मादी घालते, आणि बाकीचे सगळे मिळून तिला भरवतात, पोरांना भरवतात. दुसरं कुटुंब आहे ते पार ओढ्यापलीकडे. इथला एखादा मोठा झाला की झाडाझाडांनी तिकडे जातो आणि तिथेच नांदतो. उघड्या शेतावरून ते उडत नाहीत, त्यांच्या पंखांत तेवढा दमच नाही.”

म्हणजे ही झाडं गेली तर ओढ्याच्या रानात सोय लावायची वाटच राहत नाही. स्पेट म्हणाला होता की एखादंच कुटुंब असतं तर तो थांबला असता. एखादंच आहे. आपणच त्याला शंभर सांगितले.

आता माझी गोष्ट. सभेत झाडं तोडण्याच्या बाजूने एकतीस हात वर झाले. त्यांतला एक माझा होता.

गेल्या जानेवारीत यूनाची गंजी पेटली तेव्हा आमचा आगीचा बंब गव्हाच्या ट्रकच्या मागे अडकला. मी पुढच्या सीटवर बसून धूर बघत होतो आणि हॉर्न वाजवत होतो. पथकाचा कॅप्टन मी आहे. गंजी गेली, कुत्रा गेला, घर वाऱ्याने वाचलं. त्या दिवसापासून मला लेन रुंद हवी आहे. तुझं पत्र मी वाचून दाखवलं कारण तू माझी बहीण आहेस, आणि हात वर केला कारण मी बंब चालवतो. तुला आधी सांगायला हवं होतं. माझी हिंमत झाली नाही.

आकडा चुकला हे स्पेटला सांगायचं तर तुझ्या नावाने सांगावं लागेल, छापून आणलंस ते तू. तू सांग म्हणालीस तर उद्या जातो.

ऑसी


मेलबर्न, ८ ऑक्टोबर

ऑसी,

नको.

मी चौसष्ट वर्षांची आहे. ब्रॅमवेलच्या हॉलमध्ये मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा अध्यक्ष म्हणाले होते की बाईंना खुर्ची द्या, त्या दमल्या असतील. मी खुर्ची घेतली नाही. तेव्हापासून त्या खोलीतली माणसं एकाच गोष्टीची वाट बघत आहेत, टिलब्रुकबाई कधीतरी खोटं बोलताना सापडावी. ती संधी मी त्यांना देऊ? पुढे कधी शाळेच्या विहिरीचं बोलले, दवाखान्याचं बोलले, तर म्हणतील, बाई तेराने गुणताहेत. तू मोजलंस, मी गुणलं. गुणाकार छापून आला. आता तो तसाच राहू दे. दुसरा काही मार्ग मी काढते. वकिलाला लिहिते.

तुझ्या हाताबद्दल मला काही म्हणायचं नाही. म्हटलं तर फार होईल. तू गंजी पेटलेली बघितलीस, मी नाही बघितली, हे मला कळतं. पण तू पत्र हातात घेऊन उभा होतास, माझे शब्द तोंडात होते, आणि बसल्यावर तोच हात वर केलास. तो हात काही दिवस माझ्या डोळ्यांसमोर राहील.

पक्ष्यांबद्दल मला आता लिहू नकोस.

व्हर्ना


ब्रॅमवेल, २७ ऑक्टोबर

व्हर्ना,

लिहू नको म्हणालीस, पण लिहावं लागतं आहे.

गुरुवारी झाडं तोडणारी टोळी आली. फाटकाच्या बाजूने सुरुवात केली. मुकादम सभ्य माणूस आहे, झाडाला करवत लावायच्या आधी बुंध्यावर कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने ठोकून बघतो, काही उडतं का. चौथ्या झाडाच्या वेळी यूना घरातून पळत आली. एवढी पळताना तिला मी अपघातानंतर पहिल्यांदाच पाहिली. ओरडत होती, “त्यात पिल्लं आहेत, त्यातच आहेत, थांबवा.”

मुकादमाने टोपी काढली आणि तिला म्हणाला, “बाई, अजून बारा घरटी आहेत की. पेपरात आलंय.”

त्याला खरंच वाटलं की तो तिची समजूत काढतोय.

झाड पडलं. पिल्लं चार होती. आठही जण दिवसभर त्या फांद्यांतून हिंडत होते, चोचीत किडे घेऊन. संध्याकाळपर्यंत हिंडले. चोचीत आणलेलं ते मग आपसांतच एकमेकांना देत बसले. टोळीतल्या पोरांनी डबे उघडले आणि न खाता परत बंद केले.

अंधार पडायला लागला तेव्हा ते आठ उठले आणि पाचव्या झाडातल्या घरट्यात गेले. तयारच होतं. मी आयुष्यभर म्हणत आलो की हे पक्षी उगाच काटक्या जमवतात.

शुक्रवारी इतका पाऊस झाला की यंत्र चाकापर्यंत रुतलं. स्पेट म्हणतो, जमीन वाळली की पुन्हा सुरू.

मी अजून त्याच्याकडे गेलेलो नाही. तू नको म्हणालीस म्हणून. हे मला किती दिवस जमेल माहीत नाही.

ऑसी


ब्रॅमवेल, ३० ऑक्टोबर

श्रीमती टिलब्रुक यांस,

डाव्या हाताने लिहिते आहे, अक्षराला हसू नका. तुम्ही हसाल असं वाटत नाही, पण आपण एकमेकींशी कधी फारसं बोललो नाही, त्यामुळे सांगून ठेवते.

तुमचे भाऊ काल आले होते आणि अर्धा तास टोपी हातात फिरवत बसले. मग सांगितलं की तुम्ही आकडा दुरुस्त करणार नाही. मी म्हटलं, का? ते म्हणाले, तिला लाज वाटते. मी म्हटलं, मलाही वाटते, रोज सकाळी शेजारणीकडून वेणी घालून घेताना. जाते ती लाज, थोडा वेळ लागतो.

मला झाडांचं प्रेम नाही. त्यांतल्याच एकावर मी आपटले. रस्ता रुंद व्हावा म्हणून केलेल्या अर्जावर पहिली सही माझी आहे आणि ती मी मागे घेणार नाही. उद्या दुसऱ्या कुणाचा हात जायला नको. पण गेला हिवाळा मी या खुर्चीत काढला. शिवता येत नव्हतं, पीठ मळता येत नव्हतं, नवरा गेल्यापासून बोलायला कुणी नाही. ते आठ सकाळी यायचे आणि अंगणातला पाला उलटापालटा करत दिवसभर भांडायचे. माझा दिवस त्यांनी ढकलला. तेवढं देणं मी लागते.

मी स्पेटला विचारून आले. सरळ विचारलं, रस्ता पूर्वेलाच का रुंदावायचा? तो म्हणाला, पश्चिमेला तुमचं कुंपण आहे. मी म्हटलं, कुंपण मागे घेतलं तर? बारा फूट? तो नकाशा बघत बसला. मग म्हणाला की जमीन फुकट मिळाली आणि कुंपण हललेलं असलं तर खडी तिकडेच पडेल, झाडांना हात लावायची गरज नाही. पण कौन्सिलकडे कुंपणाला माणसं नाहीत, आणि सोमवारी अठरा नोव्हेंबरला टोळी परत येतेय. त्या दिवशी कुंपण जागेवर असलं तर करवती चालतील.

बारा फुटांत माझा गहू उभा आहे, कापणीला आलेला. तो जाईल. जाऊ दे. जमीन मी देते. कुंपण मात्र माझ्याने हलणार नाही आणि ऑसीच्या एकट्याच्या कंबरेनेही नाही. त्याला सगळी लेन लागेल.

आणि एक अट आहे. मी आठ पक्ष्यांसाठी जमीन देईन. नसलेल्या शंभरांसाठी देणार नाही. ज्या पेपरात तुम्ही शंभर लिहिलेत त्यातच आठ लिहा, तुमच्या नावाने. लोकांना वाटतं शंभर आहेत, मग कोण कशाला शनिवारची सकाळ घालवेल? आठ आहेत म्हटलं तर कदाचित येतील.

तुम्हाला बोलता येतं. मला येत नाही. नाहीतर मीच लिहिलं असतं.

यूना कूपर

ता.क. त्यांनी पुलाजवळच्या घरट्यात नवं गवत भरायला घेतलंय. काल मादी आत बसली होती.


मेलबर्न, ५ नोव्हेंबर

ऑसी,

सोबतचं पत्र पेपराच्या कचेरीत स्वतः नेऊन दे. आणि आधी स्पेटकडे जा. जाताना टोपी डोक्यावर असू दे.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. पण तू मला न विचारता स्पेटकडे गेला नाहीस, हेही मला दिसलं. रुंद रस्ता तुला मिळतोय. झाडं मला मिळतायत. दोन्ही देते आहे ती बाई, जिचा हात वर जात नाही, आणि जिला मी ट्रक आणि झाड यांतला फरक समजावून सांगत होते.

व्हर्ना


मेलबर्न, ५ नोव्हेंबर १९६३

स्टॅनर लेनच्या शेजाऱ्यांनो,

मी तुम्हाला सांगितलं की आपल्या लेनमध्ये सातभाईंची तेरा कुटुंबं आहेत. ते खोटं होतं. मुद्दाम बोललेलं नव्हतं, पण खरं आहे का हे बघण्याची तसदी मी घेतली नाही, कारण आकडा मोठा होता आणि मला मोठाच हवा होता. घरटी तेरा होती. त्यांत राहतं ते एकच कुटुंब, आठ जणांचं. शंभर नाहीत. शंभर कधीच नव्हते. चूक कळल्यावरही मी महिनाभर गप्प बसले, आणि त्या महिन्यात पिल्लांचं घरटं असलेलं झाड तोडलं गेलं. तोडणाऱ्याने माझाच आकडा पुढे केला. त्याला दोष देऊ नका. त्याने पेपर वाचला होता.

कौन्सिलने आपल्याला विचारलं नाही, अशी माझी तक्रार होती. ती अजून आहे. पण मी तरी कुणाला विचारलं? लेनच्या तोंडाशी एक बाई सगळा हिवाळा त्या पक्ष्यांकडे बघत बसली होती. तिला एक प्रश्न विचारला असता तर सप्टेंबरमध्येच सगळं कळलं असतं. ती रस्ता रुंद हवा म्हणणाऱ्यांतली, म्हणून मी तिला विचारलं नाही. आपण फक्त आपल्या बाजूच्यांना विचारतो आणि त्याला लोकांचं मत म्हणतो. कौन्सिलपेक्षा मी वेगळं काय केलं?

आता त्याच बाईने, यूना कूपरने, रस्त्यासाठी आपल्या शेताची बारा फुटांची पट्टी दिली आहे, उभ्या गव्हासकट. कुंपण तेवढं मागे सरकलं की ट्रक जातील, बंब जाईल, आणि आणखी एकही झाड पडणार नाही. सोमवारी अठरा तारखेला करवती परत येत आहेत. तोवर कुंपण हललं नाही तर त्या चालतील, आणि पुलाजवळच्या झाडात मादी पुन्हा अंड्यांवर बसली आहे.

ज्यांनी सभेत बाजूने हात वर केला त्यांना मी विशेषकरून सांगते आहे. तुमचं म्हणणं बरोबर होतं. रस्ता रुंद व्हायलाच हवा. तो होईल. फक्त तो कुठल्या बाजूला होईल हे या एका सकाळवर अवलंबून आहे.

आठ पक्षी आहेत. त्यांना ओढ्यापलीकडच्या रानात जायला दुसरी वाट नाही, दुसरी लेन नाही, आणि उघड्या शेतावरून उडून जाण्याएवढे पंख नाहीत.

शनिवारी, सोळा नोव्हेंबरला, सकाळी सात वाजता कूपरांच्या फाटकाशी या. येताना पहार, फावडं आणि तार कापायची पक्कड आणा. यूनाचं कुंपण ओढ्याच्या पुलापर्यंत बारा फूट मागे घ्या, आणि शेवटचा खांब रोवल्याशिवाय घरी जाऊ नका.

व्हर्ना टिलब्रुक